पिकअपचं नाक चोंदतं तेव्हा

मागच्या भागात आपण जुनी गाडी घेताना कागदपत्रं कशी तपासायची ते बघितलं. आज डिझेल पिकअपबद्दल बोलू या, आणि सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

बेंगळुरूत चामराजपेटेत आमचा लग्नकार्यांना भांडी आणि शेगड्या भाड्यानं देण्याचा धंदा आहे. वडिलांच्या काळापासूनचा. जुनी पिकअप थकली म्हणून कर्ज काढून बीएस-६ची नवी डिझेल पिकअप घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या गाडीत होऊ शकतं.

मे महिना, लग्नाची तिथी दाट. जालहळ्ळीकडच्या एका हॉलमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त. संध्याकाळी पातेली, पराती, शेगड्या भरून गाडी निघाली आणि यशवंतपूरच्या उड्डाणपुलावर तिनं मान टाकली. बंद पडली नाही, हे लक्षात घ्या. इंजिन चालू होतं, पण कितीही दाबलं तरी वेग वाढेना. समोर पिवळा दिवा. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. शेवटी दोन टेम्पो बोलावून रस्त्याच्या कडेला भांडी उतरवली आणि चढवली. रात्री साडेअकराला माल पोचला. आचारी माझ्याशी एक शब्द बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गाडी अशी रांगायला लागते त्याला लिंप मोड म्हणतात. गाडीतल्या कॉम्प्युटरला काहीतरी बिनसलंय असं वाटलं, की तो इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापतो. त्याला काय बिनसलंय असं वाटतं, ते आता समजून घेऊ.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. त्याआधी, म्हणजे बीएस-४ मध्ये, वजनदार पिकअपच्या वर्गाला दर किलोमीटरला ६० मिलिग्रॅम काजळी सोडायची मुभा होती. ती एकदम ४.५ मिलिग्रॅमवर आली. नुसतं इंजिन सुधारून एवढी घट जमत नाही, म्हणून सायलेन्सरच्या वाटेत एक गाळणी बसवली. तिचं नाव डीपीएफ. मधमाशीच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा समजा. त्यातली एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. धुराला बाहेर पडायचं तर मधल्या सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं. धूर जातो, काजळी भिंतीवर अडकते.

आता काजळी साठणारच. मग गाळणी साफ कशी होते? ती स्वतःला भाजून घेते. गाळणीच्या अलीकडे आणि पलीकडे दाब किती आहे ते एक सेन्सर मोजत असतो. दोन्हींतला फरक वाढला की कॉम्प्युटरला कळतं, काजळी भरली. मग तो इंजिनात नेहमीच्या वेळेनंतर थोडं जादा डिझेल सोडतो, त्यानं धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं आणि काजळी जळून जाते. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ गाडी बऱ्यापैकी वेगात धावत असावी लागते.

इथेच आमच्या शहराचं आणि या गाळणीचं वाकडं आहे. टॉमटॉम या कंपनीच्या २०२२ च्या पाहणीत बेंगळुरूच्या मध्यभागात १० किलोमीटरला सरासरी २९ मिनिटं लागत होती. लंडनखालोखाल जगात दुसरा नंबर. माझी गाडी चामराजपेटेतून बसवनगुडी, जयनगर, फार तर मल्लेश्वरम. चार-सहा किलोमीटर जायचं, इंजिन बंद, माल उतरवायचा, परत. गाळणी तापायला लागते न लागते तोच आम्ही किल्ली फिरवतो.

अर्धवट सुटलेल्या या भाजणीचा दुसरा तोटा मला फार उशिरा कळला. जादा सोडलेलं डिझेल सगळं जळत नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. आमचा ड्रायव्हर मोठ्या कौतुकानं सांगायचा, "साहेब, नवी गाडी तेल खातच नाही, उलट काठीवर जास्तच दिसतंय." मीही खूश. अहो, तेल वाढत नसतं! त्यात डिझेल मिसळत होतं, तेल पातळ होत होतं, आणि तशा तेलावर बेअरिंगं झिजतात.

वर्कशॉपमध्ये काय झालं? स्कॅनर लावला, कोड आला, आणि अख्खी डीपीएफ बदलायचं अंदाजपत्रक हातात दिलं. सहा आकडी रक्कम. वॉरंटीत का नाही, तर म्हणे वापर चुकीचा. माल वाहायची गाडी शहरात माल वाहायला वापरली, हा माझा चुकीचा वापर! गाडी विकताना रोज किती किलोमीटर चालणार, हे मला कोणीही विचारलं नव्हतं.

मी गाडी उचलली आणि जे. सी. रोडच्या मागच्या गल्लीत एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. मूळचे निपाणीचे, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांचं आयुष्य मायकोच्या पंपांवर गेलं. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. मायको, म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ मध्ये सुरू झाली. आडुगोडीच्या कारखान्यातून निघालेले तिचे डिझेल पंप देशभरच्या लॉऱ्यांत बसले. २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण मायको लेआउट हे वस्तीचं नाव राहिलं. त्या काळचा मिस्त्री कानानं नोझलचा दोष ओळखायचा. आता दाब हजार बारच्या वर, सुटे भाग मायक्रॉनच्या मापाचे आणि निर्णय कॉम्प्युटरचा. कान पुरत नाही. मामांनी भाच्याकडून स्कॅनर चालवून घेतला, पण कोड वाचून थांबले नाहीत. खाली झोपून सेन्सरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या हातानं चाचपल्या.

"गाडी मेली नाही हो तुमची," ते म्हणाले. "नाक चोंदलंय, आणि वास घेणारी नळी फाटलीय."

गाळणीच्या अलीकडची नळी उष्णतेनं तडकली होती. दाब गळत होता, सेन्सरचं वाचन पटण्यासारखं नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरनं काजळी जाळणंच थांबवलं होतं. नळी काही शे रुपयांची. ती बदलली, स्कॅनरवरून गाळणी सक्तीनं भाजून घेतली, तेल आणि फिल्टर बदलले. गाडी चालू झाली.

प्रत्येक वेळी नळीच असेल असं नाही, हे स्पष्ट सांगतो. गाळणीत काजळीबरोबर राखही साठते. ती इंजिन ऑइलमधून येते आणि कितीही भाजली तरी जळत नाही. म्हणून पुस्तिकेत सांगितलेलं कमी राखेचंच तेल घाला. राखेनं भरलेली गाळणी काढून धुवावी लागते किंवा बदलावीच लागते. पण आधी स्वस्त कारणं तपासून घ्या, आणि कोड काय आला ते लेखी मागा. काही जण गाळणी पोकळ करून देतो म्हणतात. ते बेकायदा आहे, आणि तो धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

मामांच्या भाच्याची तक्रार वेगळी. त्याचा स्कॅनर सगळ्या गाड्यांत शिरत नाही. ही भानगड जुनी आहे. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड केला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल. पुढे प्रकरण अपिलात गेलं. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनंही आली. गल्लीतल्या गॅरेजपर्यंत त्यातलं फारसं पोचलेलं मला दिसलं नाही.

तुम्ही घेणार असाल तर आधी आठवडाभराच्या फेऱ्या वहीत लिहा. बहुतेक फेऱ्या पाच-सात किलोमीटरच्या असतील तर डिझेल घेऊ नका. सीएनजी किंवा विजेवरची गाडी बघा. घाटाचं, हायवेचं, जड मालाचं काम असेल तर डिझेलसारखं दुसरं नाही, तिथे ही गाळणी त्रासही देत नाही. आणि गाळणीचा दिवा लागला तर गाडी लगेच बंद करू नका. पुस्तिकेत सांगितलेल्या वेगानं मोकळ्या रस्त्यावर तो विझेपर्यंत चालवा.

आमची पिकअप दर सोमवारी पहाटे तुमकूर रस्त्यानं नेलमंगलाच्या पुढे रिकामी जाऊन येते. डिझेल आणि टोल जातो, तो मी देखभालीच्या खात्यात लिहितो. बायको म्हणते, गाडीला हवापालटाला नेतोस, मला कधी नेणार? शहरातल्या फेऱ्यांना आता विजेची तीनचाकी आहे. आणि तेलाची काठी ड्रायव्हरबरोबर मीही बघतो.