प्लीहेला ध्वनीचा स्पर्श

बसल्या जागेवरून आपण उठतो तेव्हा नाडी किंचित वाढते, पायांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. हा कारभार स्वायत्त चेतासंस्थेचा. तिचं बिनसलं की रक्तदाब, घाम, पचन सगळंच बिघडतं. औषधं आहेत, पण गोळी अंगभर फिरते. नेमक्या एका चेतातंतूपाशी जाऊन थांब, असं तिला सांगता येत नाही.

म्हणून अल्ट्रासाउंडच्या ध्वनिलहरींकडे लक्ष गेलं. भिंगाने ऊन एका ठिपक्यावर गोळा करावं, तशा या लहरी शरीरात खोलवर एका जागी आणता येतात. तीव्रता वाढवली तर ऊती जळते. हात थरथरण्याच्या एका विकारावर मेंदूतला ठिपका असा जाळायला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. चेतातंतू नुसते चाळवायचे, तर तीव्रता कमी हवी.

२०१३ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात मार्क ओकुसा यांच्या गटाने उंदरांना आधी अल्ट्रासाउंड दिला आणि दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा काही वेळ रोखला. मूत्रपिंडाची हानी बरीच टळली. गंमत पुढे आहे: प्लीहा काढलेल्या उंदरांना हा फायदा मिळालाच नाही. म्हणजे किल्ली प्लीहेकडे होती. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या फाइनस्टाइन संस्थेने जीई कंपनीसोबत उंदीरवर्गीय प्राण्यांत प्लीहेवर लहरी रोखून दाह कमी केला, तर यकृतावर रोखून वाढलेली रक्तशर्करा उतरवली.

गल्लीतल्या सोनोग्राफी सेंटरमध्ये मात्र हे मिळत नाही. तिथे फक्त चित्र निघतं.