राग होता की प्लॅन? कोर्ट तुमच्या फोनमध्ये काय शोधतं

समजा, इंदापूर तालुक्यात बांधावरून दोघांची भांडणं लागली. एकजण ऊस तोडत होता, कोयता हातातच होता, त्यानं तो चालवला. आता दुसरा सीन. तसाच कोयता सॅकमध्ये घालून कोणीतरी बाइकवरून बारामतीच्या भिगवण चौकात येऊन थांबला आणि समोरचा दिसल्यावर चालवला. हत्यार तेच, जखम तीच. पण कोर्टासाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात कोयता घरोघरी असतो, त्यामुळे तो नुसता हातात असणं म्हणजे प्लॅन नव्हे. तो तिथपर्यंत कसा आला, हे बघितलं जातं.

माणसाच्या डोक्यातली लॉग फाइल काढता येत नाही. म्हणून कोर्ट बाहेरच्या खुणा वाचतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६ नुसार हेतू, तयारी आणि घटनेच्या आधीचं-नंतरचं वागणं पुराव्यात येतं. हेतू म्हणजे का केलं. इरादा म्हणजे नेमकं काय करायचं होतं. दोन्हींची गल्लत करू नका.

नानावटी खटला ऐकला असेल. २७ एप्रिल १९५९, मुंबई. बचाव असा होता की पत्नीच्या संबंधांबद्दल कळल्यामुळे तोल गेला. पण सुप्रीम कोर्टानं १९६१ मध्ये टाइमलाइन मांडली. दुपारी दीडला घर सोडलं, बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं घेतली, आधी ऑफिसात शोधलं, मग फ्लॅट गाठला. गोळ्या सुटल्या ४.२० ला. साधारण तीन तास. एवढ्या वेळात माणूस भानावर येतो, असं कोर्ट म्हणालं आणि जन्मठेप कायम राहिली.

तेव्हा हे सगळं साक्षीदारांकडून गोळा करावं लागलं. आज तेच तीन तास फोनमध्ये पडलेले असतात: सर्च हिस्टरी, यूपीआय पेमेंट, 'तो घरी आहे का?' असा मेसेज. व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे हे खरं, पण मेसेज दोघांच्या फोनवर उघडलेलाच असतो. तुम्ही फक्त स्वतःकडचा डिलीट केला, तर समोरच्याकडे राहतो. शिवाय ते डिलीट करणं हेच 'नंतरचं वागणं' म्हणून कोर्टासमोर येऊ शकतं.

'जिवे मारायचं नव्हतं, फक्त इंगा दाखवायचा होता' हे पोरं फार सहज बोलतात. इथं १९५८ चा विरसा सिंग निकाल आडवा येतो. तो लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. निकालाचा अर्थ असा: ती विशिष्ट जखम करण्याचा इरादा होता आणि तशा जखमेनं सर्वसाधारणपणे माणूस मरतो, एवढं सिद्ध झालं तरी खून ठरतो. ठार मारायचा विचार वेगळा सिद्ध करावा लागत नाही.

खुनासाठी आधीपासून प्लॅन असायलाच पाहिजे, असंही नाही. इरादा जागच्या जागी तयार होऊ शकतो. मग प्लॅन नव्हता याचा उपयोग कुठे? भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये अचानक झालेल्या मारामारीचा अपवाद आहे, तिथे. तो लागला तर कलम १०३ ची फाशी किंवा जन्मठेप न होता कलम १०५ लागतं. मात्र समोरचा रिकाम्या हातानं असेल आणि तुम्ही कोयत्यानं वारावर वार केले, तर हा अपवाद मिळणं अवघड. बांधावरच्या त्या पहिल्या सीनमध्येही हेच बघतील.

आता उलट बाजू. 'आज गेम करतो' असं स्टेटस ठेवलं म्हणून कोणी आपोआप दोषी ठरत नाही. पुण्यातल्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात हायकोर्टानं परिस्थितीजन्य पुराव्यावर दोषी धरलं होतं. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. साखळीची प्रत्येक कडी जुळली पाहिजे आणि निर्दोष असण्याची वाजवी शक्यता उरता कामा नये, हा नियम तिथं पक्का झाला. फोनलाही तो लागू. टॉवर लोकेशनचंच घ्या. गावाकडे एक टॉवर काही किलोमीटरचा परिसर कव्हर करतो. तुम्ही त्या भागात होता एवढं तो सांगतो, कुणाच्या बांधावर होता ते नाही.

स्क्रीनशॉटही नुसता चालत नाही. कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू भरायची असते, एसएचए-२५६ वगैरे. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते.

राहिला ग्रुपचा प्रश्न. कटासाठी दोघांत किंवा जास्त जणांत सहमती लागते, नुसतं मेंबर असणं पुरत नाही. पण 'उद्या सहाला उचलू' याच्याखाली तुमचा अंगठा असेल, तर ती सहमती होती की सवयीनं दाबलेलं बटण, हे सरकारी वकील आणि तुमचे वकील तुमच्यासमोरच भांडून ठरवतील.