शिट्टी हातात, डोकं थंड!

दोस्तांनो, समजा जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत कबड्डीचा सामना रंगलाय आणि पंच आहात तुम्ही! शेवटच्या चढाईत दम तुटला, तुम्ही गड्याला बाद दिलंत. लगेच त्याचे सर ओरडत आले. आता?

आवाज चढवू नका. त्यांचं म्हणणं एकदा पुरतं ऐका. मग एकाच वाक्यात कारण सांगा, "सर, दम तुटला होता." हुज्जत न घालता खेळ सुरू करा. तरीही आरडाओरडा थांबेना, तर सरपंच आहेत, कार्डं आहेत. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर! पण कार्ड रागाने दाखवायचं नसतं.

आणि घाबरून निर्णय फिरवलात, तर समोरच्या सात जणांवर अन्याय होईल. ते तर गप्प उभे होते ना?