खुर्ची न्यायची कशी? छोट्या गाडीमागच्या ट्रेलरचं गणित

आज सॉफ्टवेअर नाही, हार्डवेअर. तेही लोखंडाचं.

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा सुरू होते. आजीला यंदा जायचंच होतं. आजोबा तिथल्या बाजारातून बैल आणायचे. आता तिला व्हीलचेअर लागते, आणि आमच्या हॅचबॅकच्या डिकीत सीएनजीची टाकी. घडीची खुर्ची १६-१७ किलोचीच, पण मावत नाही. एक वेल्डर म्हणाला, मागे हुक लावतो, छोटी ट्रॉली ओढा. मला आयडिया भारी वाटली.

आजीने एकच विचारलं, "वजन कुठं ठेवणार?"

बैलगाडीत मागे जास्त भरलं की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त भरलं की धुरजड, सगळा भार बैलांच्या मानेवर. ट्रेलरचंही हेच. वजन चाकांच्या मागे गेलं की हुक गाडीचा मागचा भाग वर उचलतो आणि स्पीडला ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. फार पुढे आलं तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात. आपल्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात, म्हणजे स्टिअरिंग आणि पकड दोन्ही गेलं. म्हणून एकूण वजनाच्या साधारण ५ ते १०% भार हुकवर ठेवतात. १०० किलोची ट्रॉली आणि ६० किलोची बॅटरीवाली खुर्ची धरा, तर हुकवर ८ ते १६ किलो. बैल मान झटकून लगेच एरर देतो, गाडी थेट ८० च्या स्पीडला देते!

बिनब्रेकच्या ट्रेलरला ब्रिटनमध्ये मर्यादा आहे: ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मं, जे कमी असेल ते. कारण थांबवायचं सगळं काम तुमच्याच ब्रेकचं. माळशेज घाट उतरून मुरबाडकडे येताना हे आठवा.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणजे त्याचीही नोंदणी लागते. नुसतं वेल्डिंग करून निघालो असं चालत नाही. त्यात बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नका असंच लिहिलेलं असतं. हुक लावण्याआधी ते पान वाचा. मी नंतर वाचलं, नशीब वेल्डर तेवढ्यात लग्नाला गेला होता.

नवी गाडी घेणार असाल तर डिकी उघडून बघा. २०२३ मध्ये आलेल्या सीएनजी अल्ट्रोझमध्ये दोन छोट्या टाक्या तळाशी आहेत, वर जागा उरते. खुर्ची घेताना मागची मोठी चाकं बटण दाबून निघणारी घ्या. आमची तशी निघाली. सांगाडा मागच्या सीटवर, चाकं पायाशी, आजी पुढे.

जत्रेच्या मातीत खुर्चीची पुढची छोटी चाकं रुततात. तिथे खुर्ची मागे कलवून उलटी ओढायची. बैलबाजार आजीने असा उलटाच पाहिला, आणि एका भरलेल्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाली, "ती बघ, उलाळ."