बिघाडाचा जाहीर हिशेब

सॉफ्टवेअर कंपन्या ग्राहकांशी एरवी जाहिरातीच्या, सवलतीच्या किंवा नव्या आवृत्तीच्या निमित्ताने बोलत असतात आणि हे बोलणे विक्री किंवा प्रसिद्धी विभागाच्या तोंडून होत असते. प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहिणारी व यंत्रणा चालवणारी माणसे ग्राहकापुढे येतात ती बहुधा सेवा कोलमडल्यावरच. अशा प्रसंगानंतर काय बिघडले, का बिघडले आणि ते पुन्हा बिघडू नये म्हणून काय केले, याचा सविस्तर वृत्तान्त त्याच अभियंत्यांनी लिहून सर्वांसाठी खुला करावा, ही प्रथा गेल्या दीड दशकात प्रामुख्याने अमेरिकी सॉफ्टवेअर उद्योगात रुजली असून, या वृत्तान्ताला त्या क्षेत्रात ‘पोस्टमॉर्टेम’ असे म्हटले जाते. गैरसोयीबद्दल क्षमस्व म्हणणाऱ्या दोन ओळींच्या पत्रकापेक्षा तो वेगळा असतो, कारण त्यात घटनाक्रम मिनिटांच्या हिशेबाने दिलेला असतो आणि जाणकार वाचकाला त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहता येते.

या प्रथेमागे नीतीपेक्षा व्यवहार अधिक आहे. सॉफ्टवेअर डब्यात बंद होऊन विकले जात होते तोवर ते ग्राहकाच्याच संगणकावर चाले आणि बिघाडही त्याच्यापुरताच राही. २००६ पासून ॲमेझॉनने साठवणुकीची जागा आणि संगणकीय शक्ती भाड्याने देण्यास सुरुवात केल्यानंतर मात्र हजारो लहानमोठ्या कंपन्यांचा धंदा दुसऱ्याच्या यंत्रांवर चालू लागला. ज्याला क्लाउड म्हणतात ती व्यवस्था हीच. तिच्यात मूळ पुरवठादाराची सेवा थांबली की ग्राहक-कंपनीला स्वतःच्या ग्राहकांपुढे उत्तर द्यावे लागते, आणि त्यासाठी तिला सहानुभूतीपेक्षा पुढे सांगता येईल असे कारण हवे असते.

या प्रकारच्या लिखाणाचा बहुधा सर्वाधिक अभ्यासला गेलेला नमुना ३१ जानेवारी २०१७ च्या घटनेतून निर्माण झाला. प्रोग्रॅमरांना आपला कोड साठवण्यासाठी व एकत्र काम करण्यासाठी सेवा पुरवणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या डेटाबेसवर त्या दिवशी स्पॅम पाठवणाऱ्यांमुळे ताण वाढला होता. महत्त्वाच्या डेटाबेसची एक जिवंत प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलेली असते. पेढीवरच्या मुख्य खतावणीत नोंद पडताच शेजारच्या कारकुनाने ती दुसऱ्या वहीत उतरवावी, तशी मूळ डेटाबेसमधील प्रत्येक नोंद या प्रतीत उतरत राहते आणि या क्रियेला रेप्लिकेशन म्हणतात. वाढलेल्या ताणामुळे ही दुसरी प्रत इतकी मागे पडली की ती पुसून नव्याने तयार करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. रात्री उशिरापर्यंत हे काम करत असलेल्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील निरुपयोगी डेटा काढून टाकण्याची आज्ञा दिली खरी, परंतु ती दिली गेली मूळ सर्व्हरवर. चूक ध्यानात येऊन त्याने एक-दोन सेकंदांत आज्ञा थांबवली, तेव्हा सुमारे ३०० जीबीपैकी अवघा ४.५ जीबी डेटा शिल्लक होता.

इथवरची हकिगत ही कोणत्याही कार्यालयात घडू शकणारी मानवी चूक आहे आणि तिच्यात फारसे शिकण्यासारखे नाही. खरा वृत्तान्त सुरू होतो तो बॅकअप शोधण्याच्या खटपटीपासून. डेटाबेसची पूर्ण प्रत दररोज काढून ती भाड्याच्या साठवणीत ठेवली जाते असा कंपनीतील सर्वांचा समज होता, पण ती जागा रिकामी निघाली, कारण प्रत काढणारे साधन डेटाबेसच्या ९.२ या आवृत्तीचे होते, डेटाबेस मात्र ९.६ वर गेला होता, आणि या विसंगतीमुळे प्रत काढण्याचे काम सुरू होताच बंद पडत असे. ते बंद पडल्याची सूचना देणारे ईमेलही निघत होते. परंतु पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याच्या नियमात ते बसत नसल्याने स्वीकारणारी यंत्रणा ते परत फिरवत होती. आणखी एक उपाय डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेला नव्हता. बॅकअप आणि प्रतींचे जे पाच मार्ग कंपनीकडे होते त्यांपैकी एकही धड चालत नसल्याचे त्या रात्री उघड झाले, आणि अखेर उपयोगी पडली ती सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने चाचणीच्या वेगळ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेली एक प्रत. अशी प्रत एरवी चोवीस तासांतून एकदाच निघत असे, तेव्हा त्या दिवशीचे हे जादा काम नसते तर नुकसान कितीतरी पटींनी वाढले असते. प्रोग्रॅमरांचा कोड वेगळ्या ठिकाणी साठवलेला असल्याने तो बचावला, तरी त्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० च्या आसपास नवी खाती कायमची गेली.

गिटलॅबने ही सारी हकिगत घडत असतानाच उघड केली. अभियंते आपसांत वापरत असलेले टिपण कोणालाही वाचता येईल असे खुले ठेवण्यात आले, दुरुस्तीचे काम यूट्यूबवरून थेट दाखवण्यात आले आणि सुमारे ५,००० लोक एका वेळी ते पाहत होते. त्यानंतर १० फेब्रुवारीला कंपनीने सविस्तर पोस्टमॉर्टेम प्रसिद्ध केले. त्यात ‘का?’ हा प्रश्न उत्तरामागून उत्तराला लावत मूळ कारणापर्यंत जाण्याची, टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली पद्धत वापरलेली होती, आणि अभियंत्याचे नाव मात्र कोठेही नव्हते. ग्राहकांचा डेटा हरवणाऱ्या कंपनीची पत खालावायला हवी होती. व्यावसायिक वर्तुळात तिच्या निष्काळजीपणावर कडक टीका झालीही, पण त्याबरोबरच तिच्या मोकळेपणाचे कौतुकही झाले, आणि अनेक ठिकाणच्या अभियंत्यांना आपले बॅकअप खरोखर परत वापरता येतात की नाही हे तपासून पाहण्याची बुद्धी झाली. ज्याचा पुनर्वापर करून पाहिलेला नाही तो बॅकअप नव्हेच, हा या व्यवसायातील जुना दंडक इतक्या ठसठशीतपणे क्वचितच सिद्ध झाला असेल.

नाव न घेण्याच्या रीतीला स्वतंत्र इतिहास आहे. विमानवाहतुकीत १९७६ पासून अमेरिकेच्या नासा या संस्थेमार्फत वैमानिकांना व नियंत्रकांना आपल्या हातून झालेल्या किंवा थोडक्यात टळलेल्या चुका गोपनीयपणे कळवता येतात. शिक्षेची धास्ती नसेल तरच खरी माहिती मिळते, हे त्यामागील गृहीतक. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हा विचार प्रसृत करण्यात एट्सी या ऑनलाइन बाजारपेठेतील जॉन ऑलस्पॉ यांच्या २०१२ मधील लेखनाचा मोठा वाटा आहे, तर गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये काढलेल्या यंत्रणा-विश्वासार्हतेवरील ग्रंथात त्याला स्वतंत्र प्रकरण दिले गेले. चूक करणाऱ्याला त्या क्षणी आपली कृती योग्यच का वाटली असावी, हा या पद्धतीतील कळीचा प्रश्न होय. गिटलॅबच्या बाबतीत दोन्ही सर्व्हरांची नावे एका अंकाच्या फरकाने वेगळी होती, आणि एवढी माहिती मिळाली की दोषारोपाचा विषय संपून दुरुस्तीचा सुरू होतो.

२०१७ मध्येच २८ फेब्रुवारीला ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील साठवणसेवेचा असाच खोळंबा झाला. हिशेबाच्या यंत्रणेतील मोजके सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा देताना एका अधिकृत कर्मचाऱ्याने तिच्यातील एक तपशील चुकीचा दिला, त्यामुळे ठरल्यापेक्षा बरेच अधिक सर्व्हर निघाले, आणि ज्या उपयंत्रणा कित्येक वर्षांत पूर्णपणे बंद करून सुरू केलेल्या नव्हत्या त्या नव्याने उभ्या करण्यात तासन्‌तास गेले. सेवा चालू आहे की नाही हे ग्राहकांना सांगणारा फलकही त्याच साठवणसेवेवर अवलंबून असल्याने बदलता येत नव्हता; कंपनीने हा काहीसा लाजिरवाणा तपशील स्वतःच्या निवेदनात स्वतःच नोंदवला आहे.

लिखाण म्हणून पाहता या सर्वांत सरस ठरतो तो क्लाउडफ्लेअर या कंपनीचा २ जुलै २०१९ च्या बिघाडाबद्दलचा वृत्तान्त. असंख्य संकेतस्थळांच्या पुढे राहून त्यांचे हल्ल्यांपासून रक्षण करणाऱ्या या कंपनीने त्या दिवशी एक नवा सुरक्षा-नियम जगभरातील आपल्या सर्व यंत्रांवर एकाच वेळी चढवला आणि त्या नियमातील एका सूत्रामुळे यंत्रांचे प्रोसेसर पूर्ण क्षमतेने गुंतून पडून २७ मिनिटे सेवा कोसळली. मजकुरात विशिष्ट आकृतिबंध शोधणाऱ्या अशा सूत्राला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. ते सैल लिहिले गेले की संगणक एकच मजकूर निरनिराळ्या ठिकाणी तोडून पुन्हा पुन्हा तपासत बसतो. कंपनीचे तत्कालीन तंत्रप्रमुख जॉन ग्रॅहम-कमिंग यांनी वृत्तान्ताला परिशिष्ट जोडून, त्या सूत्राच्या सोप्या रूपाला तीन अक्षरे जुळवण्यास २३ पायऱ्या लागतात, तर मजकूर वीस-बावीस अक्षरांचा होताच त्या ५५५ होतात, हे एकेक पायरी दाखवत समजावले. प्रोसेसरचा असा अतिवापर रोखणारी तरतूद पूर्वी होती, पण काही आठवड्यांपूर्वीच्या सुधारणेत ती चुकून काढली गेली होती, ही कबुलीही त्यात आहे. माफी मागताना शिकवण्याची हौस इतकी असावी का, असे एखाद्याला वाटेल. मात्र ग्राहक अभियंते असतील तर या परिशिष्टाइतके दिलासा देणारे दुसरे काही नसते, कारण दोष समजलेल्या माणसालाच तो दूर करता येईल हे त्यांना कळते.

अर्थात या प्रकाराचे यश पुष्कळसे वाचकावर अवलंबून आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या सेवा सुमारे सहा तास बंद होत्या. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अभियंत्यांनी दिलेले स्पष्टीकरण प्रांजळ होते: जगभरची डेटा-केंद्रे जोडणाऱ्या जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने ते जाळेच तुटले, आणि अशी आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या साधनातही दोष होता. परंतु व्हॉट्सॲप वापरणाऱ्या अब्जावधी माणसांपैकी फारच थोड्यांना त्यातून काही कळले असेल. गिटलॅब आणि क्लाउडफ्लेअर यांचे ग्राहक त्याच व्यवसायातले होते, म्हणून त्यांना विधाने पडताळता आली आणि विश्वास बसला तो या पडताळणीतून. केवळ नम्रपणे लिहिल्याने तो बसला नसता.

दुसरी मर्यादा कायद्याची. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि भारतातही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. प्रोग्रॅमला २१ माहितीघटकांची अपेक्षा असताना २० च पुरवले गेले, असे मूळ कारण कंपनीने ऑगस्टमधील अहवालात दिले. ऑक्टोबरमध्ये डेल्टा या विमान कंपनीने तिच्याविरुद्ध जॉर्जियातील न्यायालयात दावा दाखल केला. नुकसानीचे आकडे असे फुगले की अहवालातील प्रत्येक वाक्य पुरावा ठरू शकते, आणि मग अभियंत्याच्या लेखणीवर वकिलाची नजर असणे ओघानेच येते.

भारतात हा हिशेब मागितला जातो तो मुख्यतः नियामकांकडून. सायबर सुरक्षेला बाधा आणणारी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले. मुंबईत मुख्यालय असलेल्या एचडीएफसी बँकेच्या डिजिटल सेवा वारंवार बंद पडल्यानंतर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये तिला नवी क्रेडिट कार्डे देण्यास आणि नवे डिजिटल उपक्रम सुरू करण्यास तात्पुरती मनाई केली, तेव्हा नोव्हेंबरमधील खोळंब्यामागे मुख्य डेटा-केंद्रातील वीजपुरवठा खंडित होणे हे कारण होते, ही माहिती बाहेर आली ती शेअर बाजाराला दिलेल्या पत्रातून. भागधारकाला जे सांगणे कायद्याने भाग होते ते ठेवीदाराला अशा आडवाटेने कळले.

यूपीआय चालवणारे राष्ट्रीय भरणा महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, हेही मुंबईचेच. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय व्यवहार अडकले, त्यावेळी तांत्रिक अडचणींमुळे काही व्यवहार नाकारले जात आहेत अशा आशयाचा छोटा संदेश समाजमाध्यमावर देण्यात आला. काही बँकांच्या यंत्रणा व्यवहार पुरा झाला की नाही हे विचारणाऱ्या विनंत्यांचा, अगदी जुन्या व्यवहारांबद्दलही, सतत मारा करत होत्या आणि त्या ओझ्याखाली मुख्य यंत्रणा मंदावली, असे नंतरच्या तपासात आढळले. उपाय म्हणून अशी पहिली विचारणा ९० सेकंदांनंतरच आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीनदा करावी असा नियम आला. १ ऑगस्टपासून खात्यातील शिल्लक पाहण्यावरही एका ॲपमधून दिवसाला ५० वेळांची मर्यादा पडली. दोन्ही नियम समंजस आहेत आणि त्यांमागचे कारण शाळकरी मुलालाही समजावता येईल इतके सोपे आहे, पण परिपत्रके बँका व ॲप चालवणाऱ्यांच्या नावे निघाली. भाजीवाल्यापासून विमा एजंटापर्यंत जे लोक दिवसभर हे ॲप उघडतात त्यांच्यापर्यंत पन्नासचा आकडा पोहोचला, एप्रिलमधील त्या शनिवारी काय झाले होते ते मात्र पोहोचले नाही.