कातडीच्या विकारात कानही सांभाळा

स्क्लेरोडर्मा या विकारात कातडी ताठ होते, थंडीत बोटे पांढरी-निळी पडतात, हे रुग्णांना ठाऊक असते. पण कमी ऐकू येणे, कानात गुणगुण, घर फिरल्यासारखी चक्कर यांचाही संबंध त्याच्याशी असू शकतो, हे सहसा कोणी सांगत नाही. या विकारात बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात. आतल्या कानाला रक्त नेणारी मुख्य धमनी एकच. तिला पर्यायी वाट जवळजवळ नाही. तेव्हा ‘वय झाले’ म्हणून गप्प न बसता ऑडिओमेट्री करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. मात्र मूळ आजार त्यांना आधी सांगावा. अशा वेळी मोठ्या मात्रेत स्टिरॉइड देतात, आणि स्क्लेरोडर्मात त्याने मूत्रपिंडाला धोका पोचू शकतो.