सोयाबीनचा सौदा आणि दोन महासत्ता

अमेरिका आणि चीन यांच्या परस्परसंबंधांविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. आरमार, तैवान, दुर्मिळ खनिजे या विषयांवर विद्वान मंडळी चर्चा करतात. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. आमची दृष्टी साहजिकच पोत्याकडे वळते. म्हणून सोयाबीन या एकाच जिनसाच्या आधारे हा विषय सभासदबंधूंपुढे मांडीत आहोत.

सोयाबीन हे मूळचे चीनचे पीक. विसाव्या शतकात ते अमेरिकेच्या आयोवा, इलिनॉय या राज्यांत फोफावले. परंतु १९५० साली कोरियाच्या युद्धात चिनी सैन्य उतरले आणि अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. ती बंदी १९७१ साली उठली. १९७२ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि १ जानेवारी १९७९ रोजी राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. तैवानचा वाद मिटला नव्हता. तो बाजूस ठेवून व्यवहार सुरू झाला, आणि तो वाद आजही कायम आहे. २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाल्यावर उलाढाल झपाट्याने वाढली. खाद्यतेल आणि पशुखाद्याची पेंड यांसाठी चीन हा जगातील सर्वांत मोठा सोयाबीन खरेदीदार ठरला.

६ जुलै २०१८ रोजी अमेरिकेने चिनी मालावर २५ टक्के जकात बसविली. चीननेही उत्तरादाखल अमेरिकी सोयाबीनवर तेवढीच जकात लावली. २०१७ साली चीनला सुमारे १२ अब्ज डॉलरचे अमेरिकी सोयाबीन गेले होते. २०१८ साली ते सुमारे ३ अब्जांवर आले. अमेरिकी सरकारला आपल्या शेतकऱ्यांसाठी प्रथम १२ अब्ज आणि पुढील वर्षी १६ अब्ज डॉलरपर्यंतचे साह्य जाहीर करावे लागले. जानेवारी २०२० मध्ये करार झाला, पण ठरलेली खरेदी चीनकडून पूर्ण झाली नाही. २०२५ साली जकातीचा तंटा पुन्हा पेटला. कापणीचा हंगाम आला तरी नव्या पिकास चीनची मागणी जवळजवळ नव्हती. ३० ऑक्टोबर रोजी दक्षिण कोरियात उभय अध्यक्षांची भेट झाली. त्यानंतर, चीन २०२६ पासून तीन वर्षे दरसाल किमान अडीच कोटी टन सोयाबीन घेईल, असे अमेरिकेने जाहीर केले.

मधल्या काळात काय घडले, हे व्यापाऱ्याने विशेष ध्यानी घ्यावे. चीनने ब्राझीलची पेढी धरली. चीनच्या सोयाबीन आयातीत अमेरिकेचा वाटा २०१६ साली सुमारे ४० टक्के होता. २०२४ साली तो सुमारे २१ टक्के उरला आणि ब्राझीलचा ७१ टक्क्यांवर गेला. चीनलाही याची किंमत मोजावी लागली. २०१८ साली ब्राझीलच्या मालास त्याला चढे दर द्यावे लागले. तथापि त्याच्यापाशी दुसरा विक्रेता होता. अमेरिकी शेतकऱ्यापाशी मात्र तेवढे मोठे दुसरे गिऱ्हाईक नव्हते. दोष त्याच्या मालात नव्हता, भावातही नव्हता. तरी झळ त्यालाच लागली.

इंदूरकडील आमच्या सोयाबीनच्या व्यापारी बंधूंना शिकागोचा भाव पाहण्याची सवय आहेच. त्याबरोबर वॉशिंग्टन आणि बीजिंग येथील वार्ताही पाहात जावे. जकात एका हुकुमाने उतरते. परंतु दुसऱ्या पेढीवर गेलेले गिऱ्हाईक हुकुमाने परत येत नाही. यास्तव आपल्या मालाची सारी भिस्त एकाच खरेदीदारावर ठेवू नये, अशी सर्व सभासदबंधूंस आमची नम्र सूचना आहे.